मेंदूच्या गाठीवरचा मायक्रोआरएनएचा पेपर घरच्या माणसाने कसा वाचायचा

मामाची बायोप्सी बांबोळीच्या हॉस्पिटलात झाली, रिपोर्टवर 'ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप, ग्रेड ४' असं आलं, म्हणजे मेंदूतली सगळ्यात वरच्या ग्रेडची गाठ, आणि त्याच रात्री साडेबाराला मामेभावाचा मेसेज, एक पीडीएफ आणि खाली एकच ओळ: "ताई, मिर-२१ बंद केलं की गाठ मरते असं लिहिलंय, हे आपल्याकडे मिळतं काय?" (मिर-२१ हा एक मायक्रोआरएनए, म्हणजे काय ते पुढे येतंच.) मी फोंड्याजवळ उच्च माध्यमिकला बायोलॉजी शिकवते म्हणून घरात असलं काही आलं की मलाच विचारतात, मी झोपेत वरवर वाचलं आणि "हो रे, चांगलं दिसतंय" असं पाठवून दिलं. सकाळी नीट वाचल्यावर कळलं की सगळा प्रयोग प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आहे, उंदीरसुद्धा नाही. तोवर मामीने मंगेशीला अभिषेक सांगून झाला होता. तिला परत फोन करून खरं काय ते सांगताना मला जे झालं ते मी विसरणार नाही.

त्यानंतर मामा आमच्यात होता त्या एकोणीस महिन्यांत मी आणि मामेभावाने मिळून असले बरेच पेपर वाचले आणि वाचायची एक पद्धत बसत गेली. ती इथे लिहितेय, कारण गोव्यात कोणाच्याही घरी असं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच मोबाइलवर असली पीडीएफ येतेच येते, आणि ती पाठवणारा माणूस प्रेमानेच पाठवतो. डॉक्टरला विचारायच्या जागी हे नाही, डॉक्टरकडे जाताना डोकं जाग्यावर असावं म्हणून आहे.

आधी सामान. पेपर मोबाइलवर वाचू नका, प्रिंट काढा, दहा-बारा पानं होतात. एक वही, लाल आणि हिरवं पेन, आणि बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स. रिपोर्ट शेजारी नसेल तर पेपर उघडूच नका, कारण पहिलं कामच ते आहे: पेपरातली गाठ आणि आपली गाठ एकच आहे का ते बघणं. ब्रेन ट्यूमर हा एक आजार नाही. ग्लिओब्लास्टोमा वेगळा, मेनिंजिओमा वेगळा, लहान मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा वेगळा, आणि फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत गेला तर ती पूर्ण वेगळीच गोष्ट, त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. 'पसरणं' हा शब्दसुद्धा दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने येतो. ग्लिओब्लास्टोमा सहसा मेंदूच्या बाहेर जातच नाही, तो मेंदूतच पांढऱ्या तंतूंच्या वाटेने सरकत जातो, कधी मधला पूल ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो. मेटास्टॅसिस मात्र बाहेरून रक्तातून मेंदूत येतो. त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरवरचा पेपर वाचून मामाच्या गाठीबद्दल काही ठरवता येत नाही, आणि आमच्याकडे आलेल्या पेपरांपैकी कितीतरी पहिल्याच पायरीवर बाजूला पडले.

आता मायक्रोआरएनए म्हणजे काय ते एकदा नीट डोक्यात बसवून घ्या, यावर अर्धा तास गेला तरी चालेल कारण पुढचं सगळं यावरच आहे. दुपारी एकच्या गर्दीत फिश थाळीच्या खानावळीत बसलाय असं धरा. ऑर्डर घेणारा चिठ्ठी लिहितो, चिठ्ठी किचनमध्ये जाते, तिथून ताट येतं. पेशीत जीन म्हणजे मेनू, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए आणि ताट म्हणजे प्रोटीन. किचनच्या दारात एक मुलगा उभा आहे, त्याच्या हातात सात अक्षरांचा एक कागद आहे, आणि ज्या चिठ्ठीच्या शेपटीला ती सात अक्षरं जुळतात ती चिठ्ठी तो अडवतो किंवा फाडतो. तो मुलगा म्हणजे मायक्रोआरएनए. स्वतः तो काहीच शिजवत नाही. साधारण २२ अक्षरांचा तुकडा, त्यातली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जुळणीची, त्यांना सीड म्हणतात, आणि अर्गोनॉट नावाच्या प्रोटीनच्या हातात बसून तो काम करतो.

हे पहिल्यांदा १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या एका जंतात सापडलं, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या कामातून, आणि त्यासाठी दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं. कॅन्सरशी पहिला धागा २००२ मध्ये जुळला तो रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मेंदूची पाळी नंतर आली. माणसात असे दोन हजारांहून जास्त मायक्रोआरएनए नोंदलेले आहेत, आणि एकेक जण शेकडो चिठ्ठ्या अडवू शकतो. हे शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, औषधाचा विषय येईल तेव्हा लागेल.

पेपरात नावं 'एचएसए-मिर-२१-५पी' अशी दिसतील (इंग्रजी अक्षरांत). एचएसए म्हणजे माणसाचा, एमएमयू असेल तर उंदराचा, शेवटचं ५पी की ३पी हे तुकडा कोणत्या बाजूचा ते सांगतं. दोन वेगवेगळे पेपर ताडून बघताना ही शेपटी जुळते का तेवढं बघा, पुढे चला.

आता बाण काढायचे. इथे मुलांचाही गोंधळ होतो, वर्गात दर वर्षी बघते. मायक्रोआरएनए अडवणारा आहे, म्हणजे तो वाढला की ज्याला तो अडवतो ते कमी होतं. आता अडवलेली गोष्ट जर गाठीला लगाम घालणारी असेल, तर मायक्रोआरएनए वाढणं वाईट. अडवलेली गोष्ट जर गाठीला जोर देणारी असेल, तर मायक्रोआरएनए वाढणं चांगलं आणि कमी होणं वाईट. म्हणून वहीत प्रत्येक पेपरासाठी एकच ओळ: मायक्रोआरएनएचं नाव, गाठीत वर की खाली, मग तो कोणाला अडवतो, ते प्रोटीन लगाम की जोर, मग शेवटी गाठीचं काय होतं. गाठीला मदत करणाऱ्याला लाल, अडवणाऱ्याला हिरवं.

मिर-२१ घेऊन करून दाखवते. ग्लिओब्लास्टोमात तो खूप वाढलेला असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींमध्ये मिर-२१ खाली आणला तर पेशी स्वतःहून मरायला लागल्या, म्हणजे हा मुलगा पेशीच्या मरणाची चिठ्ठी अडवत होता. पुढे कळत गेलं की तो पीडीसीडी४ आणि पीटेन अशा लगाम घालणाऱ्या प्रोटीनच्या चिठ्ठ्या अडवतो. २००८ मध्ये आणखी एक बाजू पुढे आली, तो रेक आणि टिंप३ या दोघांनाही दाबतो, आणि हे दोघे म्हणजे पेशींच्या मधला लगदा कापणाऱ्या एन्झाइमना आवरून धरणारे राखणदार.

हे शेवटचं समजायला आपलं खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची बांध घातलेली शेती, आठवा. दिवाडीला किंवा चोडणला बांधावरून चाललात तर कळेल, नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो, आणि कुर्ल्या त्यात सतत बिळं करत असतात. बांधाची देखरेख करणारी माणसं फिरून ती बिळं बुजवतात म्हणून शेत वाचतं. माणसं घरी बसवली तर कुर्ल्या वाढायची गरज नाही, आहेत तेवढ्याच पुरतात, दोन भरतीत बांध पोखरून पाणी आत. रेक आणि टिंप३ ही बांधावरची माणसं, कापणारी एन्झाइमं म्हणजे कुर्ल्या, आणि मिर-२१ राखणदारांना घरी बसवतो. ग्लिओब्लास्टोमा ऑपरेशनने सगळा काढला असं वाटलं तरी कडेकडेने परत का येतो, सर्जन "दिसेल तेवढं काढलं" असंच का म्हणतात, ते मला या बांधावरून कळलं, मामेभावालाही.

तर मिर-२१ ची ओळ लाल. अजून लाल म्हणजे मिर-२२१ आणि २२२ ही जोडी, पेशीच्या विभाजनावर ब्रेक लावणाऱ्या पी२७ ला अडवणारी. आणि मिर-१०बी, याची गंमत नाही पण विशेष गोष्ट ही की निरोगी मेंदूत तो जवळजवळ नसतोच आणि ग्लिओमात (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात येतो त्या गाठींत) भरपूर असतो, म्हणून औषधाचं लक्ष्य म्हणून त्याच्याकडे लोक आशेने बघतात, निरोगी पेशींचं नुकसान कमी होईल या हिशोबाने. हिरव्या बाजूला मिर-७ आहे, जो ईजीएफआर या जोर देणाऱ्या प्रोटीनला दाबतो आणि गाठीत कमी झालेला असतो. मिर-३४ए आहे, त्याला पी५३ हे गाठींना आळा घालणारं प्रोटीन कामाला लावतं. मिर-१२८ बीएमआय-१ ला दाबतो, म्हणजे गाठीतल्या मूळपेशींसारख्या पेशींना स्वतःची संख्या वाढवू देत नाही. मिर-१२४ आणि १३७ पण हिरवेच.

या हिरव्या यादीत एक खाच आहे, ती बऱ्याच पेपरांत नीट उलगडलेली नसते म्हणून मुद्दाम थांबते. "गाठीत कमी" म्हणजे कशापेक्षा कमी? तुलनेला निरोगी मेंदूचा तुकडा घेतला असेल तर त्यात न्यूरॉन भरपूर असतात, आणि मिर-१२४ हा मुळात न्यूरॉनमध्येच भरलेला असतो. गाठीच्या तुकड्यात न्यूरॉन जवळपास नसतात. मग १२४ कमी दिसणारच, त्यासाठी गाठीने काही करायची गरजच नाही. म्हणून मेथड्सच्या पानावर जाऊन 'कंट्रोल' काय घेतलाय ते हुडका आणि ओळीखाली लिहा. १२४ परत घातल्यावर पेशी खरंच हळू वाढतात असे प्रयोगही झालेत, ते वेगळं आणि जास्त भक्कम.

मग प्रश्न येतो की हा मायक्रोआरएनए खरंच त्या चिठ्ठीला चिकटतो हे यांनी दाखवलं का, की कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून धरून चाललेत. टार्गेटस्कॅनसारख्या साइटवर नाव टाकलं की शेकडो संभाव्य टार्गेट येतात, तो अंदाज असतो. पुराव्यासाठी पेपरात 'ल्युसिफरेज अॅसे' (luciferase assay) या चाचणीचं नाव शोधा, यात चिठ्ठीची शेपटी एका चमकणाऱ्या प्रोटीनला जोडतात, मायक्रोआरएनए चिकटला तर चमक कमी होते, आणि मुख्य म्हणजे शेपटीतली ती सात अक्षरं बदलली की चमक परत यायला पाहिजे. ती बदललेली पट्टी चित्रात आहे का बघा. असेल तर वहीत एक टिक.

आता माझी झोपेतली चूक जिथे झाली ते. प्रयोग कुठे झाला? चार पायऱ्या मानल्यात आम्ही: बशी, उंदीर, माणसाच्या गाठीचे साठवलेले नमुने, आणि जिवंत पेशंटवरची ट्रायल. पेपरात यू८७, यू२५१, टी९८जी अशी नावं दिसली की समजायचं बशी. यू८७ बद्दल तर माहीत असायलाच हवं, ही पेशी १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये उप्साला इथे एका पेशंटच्या गाठीतून वाढवली असं सगळे धरून चालले होते, आणि २०१६ मध्ये डीएनए जुळवून बघितला तर जगभर वाटली जाणारी यू८७ त्या मूळ गाठीशी जुळेना. ती मेंदूच्याच गाठीची असावी असं दिसतं, पण कोणाची ते माहीत नाही. तिच्यावर झालेलं सगळं काम फुकट गेलं असं नाही, पण तेवढ्यावर घरच्यांना आशा लावू नये एवढं नक्की. 'झेनोग्राफ्ट' दिसलं तर उंदरात माणसाची गाठ लावलीय, तीसुद्धा बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात.

माणसांवरचा पुरावा कसा दिसतो ते समजायला एक पेपर समोर ठेवा, २००५ चा, टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा. ५७३ पेशंट, अर्ध्यांना नुसतं रेडिएशन, अर्ध्यांना रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, आणि दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. मामेभाऊ हे वाचून गप्प बसला होता, मग म्हणाला की एवढं करून एवढंच? मी म्हटलं हो, एवढंच, पण हे खऱ्या माणसांचं आहे, आणि बशीतल्या ९० टक्क्यांपेक्षा मामासाठी हे मोठं आहे. मायक्रोआरएनएच्या कुठल्याही औषधाकडे मेंदूच्या गाठीसाठी अजून असा कागद नाही.

औषधाचा विषय निघालाच तर सरळ सांगते. लाल मायक्रोआरएनएला बांधून ठेवणारं अँटिमिर, किंवा हिरव्याची नक्कल करून आत घालायचं मिमिक, अशा दोन वाटा आहेत. मिर-३४ए चं एमआरएक्स३४ नावाचं मिमिक चरबीच्या बारीक गोळ्यांत भरून २०१३ पासून वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंटना दिलं, आणि २०१६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या गंभीर त्रासामुळे ती ट्रायल थांबवावी लागली. एकेक मुलगा शेकडो चिठ्ठ्या अडवतो हे पहिल्या पानावर लिहायला सांगितलं ते यासाठी. मेंदूच्या बाबतीत वर रक्त आणि मेंदूमधला अडसर आहे, रक्तात दिलेलं सगळं आत पोचत नाही. कोणी सांगेल की आरएनएची औषधं बाजारात आलीत, ती आलीत खरी, २०१८ मध्ये पॅटिसिरान आलं, पण ते एसआयआरएनए, एकाच चिठ्ठीसाठी बनवलेलं, नसांच्या एका आनुवंशिक आजारावर. नातेवाईक म्हणता येईल, तेच नव्हे.

मेटास्टॅसिस असलेल्यांसाठी थोडं वेगळं वाचायचं असतं. पेशी आपले मायक्रोआरएनए बारीक पुड्यांत बांधून बाहेर सोडतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात, आणि शेजारची पेशी ती पुडी घेते. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींच्या पुड्यांतला मिर-१८१सी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट वीण सैल करतो असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षीचं दुसरं काम तर मला अजून अस्वस्थ करतं: मेंदूतल्या अॅस्ट्रोसाइट, म्हणजे आपल्याच आधाराच्या पेशी, मिर-१९ए च्या पुड्या आलेल्या कॅन्सर पेशींना देतात आणि त्यांचा पीटेनचा लगाम सुटतो. म्हणजे पाहुण्याला बळ घरातूनच मिळतं. इथे बाण काढताना पुडी कोणी सोडली आणि कोणी घेतली ही दोन नावं वहीत वेगळी लिहा, नाहीतर सगळं उलटं वाचलं जातं.

रक्ताच्या तपासणीबद्दल जरा कडक बोलते. मामाच्या वेळी एका खाजगी लॅबने मायक्रोआरएनए पॅनल करा म्हणून मामीला गाठलं, पैसे गेले, रिपोर्ट आला 'मिर-२१ वाढलेला', आणि त्याने उपचारात एक गोळीही बदलली नाही. मिर-२१ कितीतरी कॅन्सरमध्ये वाढतो, नुसत्या सुजेतही वाढतो. शिवाय नमुना घेताना रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातला मिर-१६ आणि ४५१ बाहेर येऊन सगळा हिशोब बिघडवतो, आणि हेपरिनच्या नळीत रक्त घेतलं तर पुढची पीसीआर अडते, म्हणून ईडीटीएची नळी घेतात. कोणी अशी टेस्ट सुचवली तर एकच विचारा: याचा निकाल असा आला तर काय बदलणार आणि तसा आला तर काय? दोन्हीला उत्तर एकच असेल तर पैसे औषधासाठी ठेवा.

पण मायक्रोआरएनए रिपोर्टात कुठेच उपयोगी नाही असं नाही, हे लहान मुलांच्या आईवडिलांनी जरूर वाचावं. ईटीएमआर नावाची अगदी लहान मुलांमधली एक गाठ आहे, तिच्या निदानात १९ नंबरच्या क्रोमोसोमवरचा सी१९एमसी हा मायक्रोआरएनएचा घोळका बदललाय का ते बघतात, डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात ते नावानिशी आहे. आणि डायसर हे एन्झाइम, जे मायक्रोआरएनए कापून तयार करतं, त्याच्या डायसर१ जीनमध्ये जन्मतः दोष असेल तर मेंदूतल्या काही दुर्मिळ गाठींसकट बऱ्याच गाठी होऊ शकतात, तिथे भावंडांचीही तपासणी सुचवतात. रिपोर्टवर हे शब्द दिसले तर जेनेटिक काउन्सेलिंगचं विचारा, उशीर करू नका.

पेपर डॉक्टरकडे न्यायच्या आधी अजून एक काम, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या साइटवर त्याचं नाव टाकून बघा. मागे घेतलेला पेपर असेल तर तिथे 'रिट्रॅक्टेड' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि मायक्रोआरएनए व कॅन्सर या विषयात असे पेपर बरेच आहेत, एकच पट्टी फिरवून फिरवून दोन चित्रांत वापरलेली वगैरे. आमच्या ढिगातले दोन असे निघाले. कोणी "ट्रायल चालू आहे" म्हणून बोलावलं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणीचा नंबर मागा आणि साइटवर स्वतः बघा.

ओपीडीत बाहेर रांग असते, डॉक्टरकडे वेळ थोडा असतो, त्यामुळे पूर्ण पेपर नेऊ नका, वहीतली ती एक ओळ आणि खाली चार प्रश्न असं एकच पान न्या: आमच्या गाठीची आयडीएच आणि एमजीएमटी या जीन्सची तपासणी झालीय का, हा पेपर आमच्याच प्रकारच्या गाठीचा आहे का, यातलं काही आज उपचार बदलतं का, आणि आम्हाला बसेल अशी नोंदणी झालेली ट्रायल कुठे आहे का. उत्तर येईपर्यंत चालू असलेलं रेडिएशन किंवा गोळ्या एक दिवसही थांबवू नका.

आम्ही तसंच पान नेलं होतं. डॉक्टरांनी मिर-२१ ची लाल ओळ वाचली, बाण बरोबर आहे म्हणाले, तिसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं, आणि मग पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून फाइल उघडली, एमजीएमटीचा निकाल येऊन पडलेला होता, मिथायलेटेड, म्हणजे टेमोझोलोमाइडला गाठ जास्त दाद द्यायची शक्यता. हे त्यांनी मामाला समजावून सांगितलं, मामीला नव्हे, मामालाच, खुर्ची पुढे ओढून, आणि मामाने गोळ्यांच्या वेळा स्वतः वहीत उतरवून घेतल्या.